जावक वहीतली रायफल

अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये, ज्युनिपरच्या एका झाडाला टेकवून ठेवलेली रायफल सापडली. लाकडी दस्ता ऊनपावसाने राखाडी पडून तडकला होता, त्याचे टोक मातीत रुतले होते आणि नळीवर गंज चढला होता. तरीही ‘मॉडेल १८७३’ ही अक्षरे वाचता येत होती आणि अनुक्रमांकही शाबूत होता. त्या आकड्यावरून वायोमिंगमधल्या कोडी या गावी जपून ठेवलेल्या विंचेस्टर कंपनीच्या वह्या चाळल्या गेल्या. ही रायफल १८८२ साली तयार होऊन कारखान्याच्या कोठारातून रवाना झाली, एवढे त्यातून कळले. ती कोणी विकत घेतली, या डोंगरात कोणी आणली आणि झाडाला टेकवून तो माणूस परत का आला नाही, याबद्दल वहीत एक अक्षरही नव्हते. पुढे कोडीच्या तज्ज्ञांना दस्त्याच्या पोकळीत एक काडतूस सापडले. ते १८८७ ते १९११ या काळातल्या बनावटीचे होते. याचा अर्थ कारखाना सोडल्यावर निदान पाच वर्षे तरी ही रायफल कोणाच्या ना कोणाच्या हातात होती. १८८२ या एका वर्षात या मॉडेलच्या पंचवीस हजारांहून अधिक रायफली बनल्या होत्या आणि सुरुवातीला ५० डॉलर असलेली किंमत २५ डॉलरपर्यंत उतरली होती. वस्तू सामान्य होती आणि तिचा धनी बहुधा सामान्य माणूस होता. वही आणि काडतूस मिळून या रायफलीचा जेवढा इतिहास सांगतात तेवढाच आज खात्रीने सांगता येतो. त्यापुढचे लिहिण्याचा मोह आवरणे हाच वस्तूंचा इतिहास लिहिण्याच्या विद्येचा पहिला धडा आहे, असे मी मानतो.

ज्या वह्यांवर हे सगळे उभे आहे त्या मुळात इतिहासासाठी लिहिल्याच गेल्या नव्हत्या. ऑलिव्हर विंचेस्टर हा शर्ट शिवून विकणारा कारखानदार. त्याने १८६६ मध्ये कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन शहरात आपल्या नावाची शस्त्रकंपनी उभी केली. १९३१ मध्ये ही कंपनी ऑलिन कुटुंबाच्या ताब्यात गेली, १९७० च्या दशकाच्या मध्यास तिचा शस्त्रसंग्रह न्यू हेवनहून कोडीला हलवण्यात आला आणि १९९१ मध्ये तिथे स्वतंत्र शस्त्रसंग्रहालय उघडले. न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद पडला, पण त्याच्या जुन्या वह्या कोडीच्या मॅक्रॅकन संशोधन ग्रंथालयात सुखरूप आहेत. त्यांच्याच शेजारी मार्लिन आणि एल. सी. स्मिथ या कंपन्यांच्या नोंदीही आहेत. वहीतली ओळ अगदी कोरडी असते. आधी अनुक्रमांक येतो. मग वस्तू रायफल आहे, आखूड कार्बाइन आहे की लांब मस्केट. नळी गोल की अष्टकोनी. चाप साधा की हलका करता येणारा. काही खास काम केले असल्यास त्याचा शेरा. कोठारात आवक कधी, जावक कधी आणि मागणीचा क्रमांक कोणता. एखादी रायफल दुरुस्तीला परत आली असेल तर तीही तारीख सापडते. गिऱ्हाइकाचे नाव सहसा सापडत नाही. मालक आपली रायफल घेऊन विचारणा करतो, ग्रंथालय वहीतली ओळ पाहून लेखी दाखला देते. संग्राहकांच्या जगात त्या दाखल्याला ‘कोडी लेटर’ म्हणतात आणि लिलावात त्यावरून किंमत ठरते.

रायफल ‘कधीची’ हा प्रश्न साधा वाटतो, पण वहीत त्याला एकाहून अधिक उत्तरे असतात. पॉलिश विभागात धातूच्या सांगाड्यावर आकडा ठोकला गेला ती एक तारीख, पूर्ण झालेली रायफल कोठारात जमा झाली ती दुसरी आणि माल बाहेर पडला ती तिसरी. या तारखांमध्ये कधी महिने जातात, कधी त्याहून बराच अधिक काळ. जॉर्ज मॅडिस या अभ्यासकाने दिलेली अनुक्रमांक आणि वर्षांची कोष्टके संग्राहकांनी अनेक वर्षे प्रमाण मानली. काही मॉडेलांच्या बाबतीत पॉलिश विभागाच्या मूळ नोंदी त्या कोष्टकांशी जुळत नाहीत. हा वाद केवळ हौशी मंडळींचा नाही. अमेरिकेच्या १९६८ च्या शस्त्रनियंत्रण कायद्यानुसार १८९८ अखेरपर्यंत बनलेले शस्त्र पुरातन ठरते आणि आधुनिक बंदुकीवरचे बहुतेक संघीय निर्बंध त्याला लागू होत नाहीत. विंचेस्टरचे १८९४ चे मॉडेल या रेषेच्या दोन्ही बाजूंना बनत होते. तेव्हा कारकुनाने शाईने लिहिलेली एक तारीख आजही कायद्यातला फरक घडवते.

मराठी वाचकाला या वादाची जात ओळखीची वाटेल. इतिहासकार राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला सुरुवात केल्यापासून आपल्याकडे बखरीच्या तोलाला अस्सल कागद ठेवण्याची शिस्त रुजली. कारण सरळ आहे. बखर लिहिणाऱ्याला कोण मोठा, कोण छोटा हे आधीच माहीत असते. हिशेबाचा कागद लिहिणाऱ्याला पुढे कोण प्रसिद्ध होणार याचा पत्ता नसतो. विंचेस्टरच्या कारकुनालाही ही रायफल कोणा दरोडेखोराच्या हाती जाईल की कोणा गुराख्याच्या, हे ठाऊक नव्हते. त्याला फक्त माल मोजायचा होता. त्याची विश्वासार्हता या बेफिकिरीतून येते, आणि माझा सगळा युक्तिवाद त्यावरच उभा आहे. कारखान्याची वही कहाणी खरी आहे असे क्वचितच सिद्ध करू शकते. कहाणी खोटी आहे हे मात्र ती अनेकदा निर्विवादपणे दाखवते. आजोबांनी १८७६ च्या एखाद्या लढाईत वापरली म्हणून सांगितलेली रायफल १८८१ मध्ये कोठाराबाहेर पडली असेल तर वाद तिथेच संपतो. उलट ती १८७४ मध्ये बाहेर पडली असेल तर कहाणी शक्य आहे, एवढेच म्हणता येते. ‘शक्य’ आणि ‘सिद्ध’ यांच्यातले हे अंतर लिलावाच्या जाहिरातीत फार लवकर पुसले जाते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘वन ऑफ वन थाउजंड’ या रायफली. १८७५ च्या सुमारास विंचेस्टरने जाहीर केले की नळ्यांच्या चाचणीत ज्या विलक्षण अचूक ठरतील त्यांना वेगळे काढून खास सजावट केली जाईल, नळीवर ते शब्द कोरले जातील आणि किंमत १०० डॉलर राहील. कल्पना विक्रीची होती आणि ती फारशी चालली नाही. १८७३ आणि १८७६ ही दोन्ही मॉडेले धरूनही अशा रायफलींचा आकडा दोनशेपर्यंत पोहोचत नाही, आणि १८७३ चे मॉडेल तर एकूण सात लाख वीस हजारांच्या वर बनले. पुढे १९५० मध्ये जेम्स स्टुअर्टचा ‘विंचेस्टर ’७३’ हा चित्रपट आला. त्याच्या प्रसिद्धीसाठी उरलेल्या अशा रायफलींचा देशभर शोध घेण्यात आला, आणि विसरली गेलेली वस्तू एकाएकी मौल्यवान झाली. अशी वस्तू मौल्यवान झाली की नळीवर चार शब्द कोरणे कोणाही कुशल कारागिराला जमते. इथे वही आडवी येते. त्या अनुक्रमांकापुढे कारकुनाने साधी रायफल, साधा चाप असे लिहिले असेल तर नळीवरची सुंदर अक्षरे मागाहून आली हे उघड होते. १८७६ च्या मॉडेलच्या ६३,८७१ रायफलींच्या नोंदी अखेरपर्यंत उपलब्ध असल्याने तिथे लबाडीला फारच कमी जागा उरते.

यावर पहिला आक्षेप असा की कारकूनही माणूसच होता, चुकत होता. हे खरे आहे. आकडे उलटसुलट होतात, एखादी ओळ राहून जाते, खास मागणीचा शेरा लिहायला तो विसरतो. पण ही चूक कुठल्याही दिशेने झुकलेली नसते. प्रसिद्ध माणसाच्या रायफलीत ती जास्त होते आणि सामान्याच्या रायफलीत कमी, असे घडण्याचे कारण नाही. कुटुंबातली आठवण आणि विक्रेत्याचे वर्णन मात्र नेहमी मोठेपणाकडेच झुकते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वही उघड झाली की लबाड माणूसही ती वाचतो. ज्या आकड्यापुढे उत्तम कामाची नोंद आहे तो आकडा दुसऱ्या सांगाड्यावर ठोकून तो वहीबरहुकूम रायफल घडवू शकतो. म्हणजे दाखला हाच खोटेपणाचा आराखडा बनतो. मला हा आक्षेप मान्य आहे, पण त्याचा निष्कर्ष मान्य नाही. दाखला वस्तूच्या परीक्षणाची जागा घेऊ शकत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. ठोकलेल्या आकड्यांची धाटणी, धातूची झीज, दस्ता आणि सांगाडा यांचा मेळ, नळीवरच्या खुणा ही साक्ष हातात वस्तू घेऊनच तपासावी लागते. ग्रंथालयही वहीत काय आहे तेच लिहून देते. समोरची रायफल तीच आहे, अशी हमी ते देत नाही.

मालकाचे नाव हवेच असेल तर ते अन्य कागदांतून यावे लागते. काही कारखान्यांच्या पत्रव्यवहारात ते खरोखर मिळते. बॅट मास्टरसन या गाजलेल्या पोलीस अधिकाऱ्याने जुलै १८८५ मध्ये डॉज सिटीहून कोल्ट कंपनीला पत्र लिहून पिस्तूल मागवले. त्यावर निकेलचा मुलामा हवा, चाप हलका हवा आणि समोरची माशी नेहमीपेक्षा उंच व जाड हवी, असे त्याने बजावले होते. इथे माणूस स्वतःच कागदावर उतरला आहे. विंचेस्टरच्या १८८६ च्या मॉडेलची पहिल्या क्रमांकाची रायफल कॅप्टन हेन्री लॉटनला भेट मिळाली होती. अपाची योद्धा जेरोनिमो याच्या पाठलागावर गेलेला हाच तो अधिकारी. रायफलीवर देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव कोरलेले होते, आणि २०१६ मध्ये ती १२ लाख ६५ हजार डॉलरला विकली गेली. बिली द किड या दरोडेखोराला ज्याने मारले ते पॅट गॅरेटचे कोल्ट पिस्तूल २०२१ मध्ये साठ लाख डॉलरच्या वर गेले, कारण गॅरेटच्या विधवेने ते परत मिळवण्यासाठी दिलेल्या कोर्टाच्या लढाईचे कागद त्यामागे होते. या वस्तूंच्या बाबतीत पुराव्याची साखळी कारखान्याबाहेर तयार झाली. अशी साखळी नसताना केवळ कारखान्याच्या तारखेवर एखाद्या नावाची इमारत उभारणे हे इतिहासाला धरून नाही, मग दाखल्यावरचा शिक्का कितीही अस्सल असो.

तिसरा आक्षेप माझ्या मते सर्वांत वजनदार आहे. वही कंपनीची आहे, म्हणून तिच्या आधाराने लिहिलेला इतिहास कंपनीपाशी आणि घाऊक व्यापाऱ्यापाशी थांबतो. ज्यांच्याकडे रायफल अदलाबदलीत, लुटीत किंवा तिसऱ्या-चौथ्या हाताने आली ते मूळनिवासी समाज वहीत कुठेच नाहीत. त्यांच्याकडच्या तोंडी परंपरेला ‘कागद दाखवा’ म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण वही जिथे गप्प असते तिथे जमीन बोलू शकते. १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्न नदीच्या काठी कस्टर या अमेरिकी सेनाधिकाऱ्याच्या तुकडीचा नाश झाला. त्या रणभूमीवर १९८३ च्या ऑगस्टमध्ये गवताला आग लागली आणि जमीन उघडी पडली. पुढच्या दोन वर्षांत पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक यंत्रांनी ती पालथी घातली. रिकाम्या काडतुसांवर उमटलेले आघाताचे ठसे सूक्ष्मदर्शकाखाली जुळवून एकेक बंदूक वेगळी ओळखता आली आणि मैदानावर ती कुठून कुठे सरकली हेही मांडता आले. सैनिकांकडे एकेक गोळी भरायची स्प्रिंगफील्ड कार्बाइन होती. समोरच्या लाकोटा आणि शायेन योद्ध्यांपैकी अनेकांकडे हेन्री आणि विंचेस्टर या सलग गोळ्या झाडणाऱ्या रायफली होत्या. लाकोटा आणि शायेन लोक ज्या लढाईची हकीकत पिढ्यानपिढ्या सांगत आले, तिच्या बऱ्याच भागाला या रिकाम्या काडतुसांनी दुजोरा दिला. तेव्हा कसोटी कागदाची नसून स्वतंत्र साक्षीची आहे. कागद हा तिचा एक प्रकार, काडतुसावरचा ठसा दुसरा, आणि दोघांशी ताडून टिकलेली तोंडी हकीकत तिसरा.

याच वह्या दुसऱ्या प्रश्नासाठीही वाचता येतात. पॅमेला हाग या इतिहासकार महिलेने २०१६ मधल्या आपल्या ‘द गनिंग ऑफ अमेरिका’ या पुस्तकात विंचेस्टरचे व्यापारी कागद वाचून मांडले की बंदुकीचे अमेरिकेतले वेड उपजत नव्हते. इतर मालासारखीच ती विकावी लागली, गिऱ्हाईक घडवावे लागले. पश्चिम जिंकणारी बंदूक हे प्रसिद्ध बिरुदही कंपनीच्या विसाव्या शतकातल्या जाहिरातीतून रूढ झाले, पश्चिमेच्या लढाया संपल्यानंतर. संग्राहक एका अनुक्रमांकाची ओळ वाचतो, हाग लाखो ओळींमागचा धंदा वाचतात. दोघांनाही एकच शाई पुरते, पण हागांच्या वाचनात दंतकथेची मुळेच दिसू लागतात.

ही शाई सगळ्या रायफलींपर्यंत मात्र पोहोचत नाही. १८९४ चे मॉडेल पुढे सत्तर लाखांहून अधिक बनले, पण कोडीतल्या वह्या ३,५३,९९९ या आकड्यापाशी संपतात. १८९२ च्या मॉडेलच्या ३,७९,९९९ पर्यंत. मार्लिनच्या नोंदी १८८३ ते १९०६ एवढ्याच. त्यापुढच्या क्रमांकाची रायफल घेऊन कोणी आले तर तिच्या अंगावरच्या खुणा, तिच्यासोबत आलेली पत्रे आणि पावत्या, आणि ती बाळगणाऱ्यांची जबानी, एवढ्यावरच काम करावे लागते. अशा वेळी ग्रंथालय नोंद उपलब्ध नसल्याचे कळवते आणि विचारणाऱ्याला त्या उत्तरावरच पुढची चौकशी सुरू करावी लागते.