तीजनबाई नुसत्या ऐकाव्यात

पंडवानी, म्हणजे छत्तीसगडची गाऊन महाभारत सांगण्याची लोककला, म्हटलं की तीजनबाई डोळ्यांसमोर उभ्या राहतात. कपाळावर ठसठशीत कुंकू, अंगावर चांदीचे दागिने, एका हातात करताल, दुसऱ्या हातात मोरपिसं लावलेला तंबुरा. हाच तंबुरा क्षणात भीमाची गदा होतो, मग अर्जुनाचं धनुष्य, मग रथ. त्यांच्याबद्दल लिहिणारा जो तो या तंबुऱ्यापाशी रमतो, आणि ते रमण्यासारखंच आहे. पण या कौतुकात त्यांचं गाणं कायम मागे पडलं. अभिनयाने ते झाकून टाकलं, असं मला फार वाटतं.

म्हणून एकदा दुःशासनवधाचं ध्वनिमुद्रण लावावं आणि डोळे मिटून घ्यावेत. आवाज जाड, खर्जाकडे झुकलेला, थोडा खरखरीत. गोडवा शोधणारा पहिल्या मिनिटात निराश होईल. पण थोडं थांबलं की लक्षात येतं, या एका गळ्यात किती जागा आहेत. बोलता बोलता शब्द लांबतो, लांबता लांबता सूर होतो, आणि बोलणं नेमकं कुठे संपलं हे सांगता येत नाही. द्रौपदीच्या विनवणीत तोच आवाज बारीक होतो, दुर्योधनाच्या उद्दाम हसण्यात फाटतो, भीम आला की छातीतून गडगडत बाहेर पडतो. कुठल्या पात्राजवळ जायचं, कधी लांबून सगळी सभा दाखवायची, कुठे अचानक तोडायचं, हे सगळं गळा ठरवतो. चित्रपटाचा दिग्दर्शक जे कॅमेऱ्याने आणि संकलनाने करतो, ते ही बाई श्वासाने करते. श्याम बेनेगल यांनी १९८८च्या ‘भारत एक खोज’ या दूरदर्शन मालिकेत महाभारत दाखवताना त्यांचं पंडवानी घेतलं, याचं म्हणूनच मला आश्चर्य वाटत नाही.

आता श्वासाचंच घ्या. उभं राहून, फिरत, तंबुरा उगारत तासन् तास गायचं तर दम कुठून आणायचा? याचं उत्तर मंचावरच बसलेलं असतं. त्याला रागी म्हणतात. हा साथीदार मुख्य गायिकेला हुंकारू, म्हणजे होकार, देतो, मध्येच प्रश्न विचारतो, ‘मग पुढे काय झालं’ अशी उत्सुकता दाखवतो. गाण्याची ओळ रागी आणि बाकीचे साथीदार उचलतात. हार्मोनियम, तबला, ढोलक, मंजिरा चढत जातात. आणि तेवढ्या अवधीत तीजनबाई वळतात, दम घेतात, पुढचा प्रसंग मनात जुळवतात. प्रेक्षकाला तिथे उत्साह दिसतो. कान देऊन ऐकलं तर कळतं की श्वासाची सोय याच रचनेत करून ठेवली आहे. आपल्या कीर्तनकाराच्या मागे उभे राहणारे टाळकरी नेमकं हेच करतात.

भिलाईपासून चौदा-पंधरा किलोमीटरवरच्या गनियारी गावात, पारधी कुटुंबात तीजनबाईंचा जन्म झाला. आजोबा ब्रिजलाल पारधी यांच्या तोंडून त्यांनी कवी सबलसिंह चौहानांचं महाभारत ऐकलं आणि ऐकूनच पाठ केलं. पंडवानीच्या दोन रीती आहेत. वेदमती शैलीत गायक गुडघ्यांवर बसून, ग्रंथाला धरून गातो. कापालिक शैलीत उभं राहून, स्मरणावर आणि प्रसंगावधानावर कथा वाढवत न्यायची. बायकांनी बसूनच गायचं, असा तेव्हाचा दंडक. तीजनबाई उभ्या राहिल्या. तेराव्या वर्षी चंद्रखुरी गावात पहिला कार्यक्रम केला, मानधन दहा रुपये. समाजाने वाळीत टाकलं. त्यांनी स्वतःची झोपडी बांधली आणि गात राहिल्या. पुढे रंगकर्मी हबीब तन्वीर यांनी त्यांना ऐकलं, आणि भिलाई पोलाद कारखान्याने नोकरी दिली. पद्मश्री, २००३ साली पद्मभूषण, २०१९ साली पद्मविभूषण.

शाळा त्यांच्या वाट्याला आलीच नाही. तरी एवढी कथा त्या गातात कशी, इथे मी थक्क होतो. याचं उत्तर मला एका जुन्या संशोधनात दिसतं. १९३०च्या दशकात मिल्मन पॅरी हा अमेरिकी अभ्यासक युगोस्लाव्हियातल्या निरक्षर गायकांची वीरगाथा ध्वनिमुद्रित करत होता. त्याचा शिष्य अल्बर्ट लॉर्ड याने १९६०च्या पुस्तकात मांडलं की असे गायक हजारो ओळी शब्दशः पाठ करत नाहीत. ठरावीक शब्दबंध आणि ठरावीक प्रसंग यांच्या आधाराने ते गाताना नव्याने रचतात. कापालिक पंडवानी ऐकताना मला हे डोळ्यांदेखत घडल्यासारखं वाटतं. वारंवार येणारं संबोधन, ओळीचा ठरलेला शेवट, लयीचा ठेका हे त्यांचे आधार. ओळीचा शेवट लांबवताना गळा सुरात गुंतलेला असतो आणि डोकं पुढच्या ओळीकडे गेलेलं असतं. म्हणजे ती लांबण सौंदर्यासाठी आहेच, शिवाय विचाराला वेळ देण्यासाठीही आहे. ही सगळी रचना एका गळ्यात मावते. नाट्यदिग्दर्शक पीटर ब्रुक यांनी १९८५ साली फ्रान्समधल्या आव्हीन्याँला नऊ तासांचं महाभारत उभं केलं, त्यासाठी देशोदेशीचे नट जमवले. गनियारीच्या या बाईला एक रागी आणि मूठभर वादक पुरायचे.

फरक कानाला कळावा असं वाटत असेल, तर भिलाईच्याच रितू वर्मा यांचं वेदमती पंडवानी आधी ऐकावं. तिथे कथा बसून, ग्रंथाच्या बंधाऱ्यातून वाहते. त्यानंतर लगेच तीजनबाईंचं तेच आख्यान लावावं, आणि हुंकारू सुरू झाला की त्यांचा श्वास कुठे पडतो तेवढं टिपावं.