कचेरीतील अरुंद दार

एखाद्या तालुक्याच्या गावची सरकारी कचेरी डोळ्यांसमोर आणावी. सकाळचे पावणेदहा वाजले आहेत. व्हरांड्यात अर्जदारांची गर्दी जमू लागली आहे, शिपाई टेबले पुसत आहे, आणि फाटकाशी एका रिक्षातून कचेरीतील लिपिक बाई उतरत आहेत. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे त्यांचे दोन्ही पाय निकामी झालेले असून त्या चाकांच्या खुर्चीवरून वावरतात. पायऱ्यांशेजारी बांधलेल्या उतरणीवरून त्या सावकाश आपल्या टेबलापर्यंत पोचतात आणि कामाला लागतात. अक्षर नेटके, हिशेब चोख, येणाऱ्या माणसाशी बोलणे गोड. पाहणाऱ्याला वाटावे की येथे सर्व काही यथास्थित आहे.

परंतु या बाईंनी सकाळपासून अर्ध्या कप चहाखेरीज काहीही घेतलेले नाही. अकरा वाजता सर्वांसाठी चहा येतो, तेव्हा त्या हसून ‘नको’ म्हणतात. मे महिन्याच्या उन्हातही त्यांच्या टेबलावरचा पाण्याचा पेला भरलेलाच असतो. शेजारच्या टेबलावरील मंडळींना तो त्यांचा स्वभाव वाटतो. कोणी उपवास समजतो, कोणी पथ्य. खरे कारण फार साधे आहे. कचेरीतील स्त्रियांच्या स्वच्छतागृहाचे दार त्यांच्या खुर्चीपेक्षा तीन-चार बोटे अरुंद आहे.

हे चित्र कोणा एका बाईचे नव्हे. कचेरी, शाळा, बँक, कारखाना, दुकान अशा नाना ठिकाणी नोकरी करणाऱ्या कितीतरी अपंग स्त्रियांचा दिवस याच साच्यातून जातो. उघडपणे बोलण्याचा हा विषय नव्हे अशी समजूत असल्यामुळे ती अडचण सोसणारी बाई गप्प राहते आणि इतरांच्या ती ध्यानातही येत नाही. म्हणूनच ती नीट समजावून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम मापांकडे पाहू. चाकांची साधी खुर्ची सुमारे ६५ ते ७० सेंटिमीटर रुंद असते. आपल्याकडील जुन्या इमारतींत शौचकूपाचे दार पुष्कळदा ६० ते ७५ सेंटिमीटरांचे असते; त्यातून चौकट आणि दाराच्या फळीची जाडी वजा जाते. म्हणजे दारातच वाट संपली. दार रुंद असले, तर खाली उंबरठा असतो. उंबरठा ओलांडला, तर दार आतल्या बाजूस उघडणारे निघते; खुर्ची आत गेल्यावर ते लोटून घेण्यास जागाच उरत नाही. मग एक तर दार उघडे ठेवावे, नाही तर माघारी फिरावे. तेवढेही साधले, तरी आत उकिडवे बसण्याचे भांडे असते, आणि ज्या गुडघ्यांत बळ नाही त्यांना ते असून नसल्यासारखे.

कुबड्यांवर चालणाऱ्या बाईंची तऱ्हा वेगळी. त्यांना दार पुरते, पण ओली फरशी घात करते. कुबडीच्या टोकाचा रबर ओल्या गुळगुळीत लादीवर सरकतो आणि तोल गेला, तर धरण्यासाठी भिंतीवर काहीही नसते. दृष्टिहीन बाईंची अडचण आणखी निराळी: नळ कोठे, कडी कोठे, भांडे कोठे हे रोज चाचपडून शोधावे लागते, आणि कोणी बादली वाटेत ठेवली की कालचे ठाऊक असलेलेही आज उपयोगी पडत नाही.

आता या अडचणीचा देहावर काय परिणाम होतो ते पाहावे. माणसाच्या मूत्राशयात साधारणपणे ४०० ते ५०० मिलिलिटर मूत्र मावते. दिवसाची आठ तासांची नोकरी आणि जाण्यायेण्याचा वेळ धरला, तर नऊ-दहा तास ते रोखून धरणे सुदृढ माणसासही जड जाते. मग उपाय एकच उरतो, तो म्हणजे पाणी पिणेच सोडणे. पाणी कमी पडले की लघवी दाट होते, मूत्रमार्गात जंतूंना फावते, मूतखड्याचा धोका वाढतो, बद्धकोष्ठ जडतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा असल्याने जंतुसंसर्ग त्यांना पुरुषांपेक्षा अधिक सहज होतो. मासिक पाळीच्या दिवसांत तर ही कुचंबणा दुप्पट होते.

ज्यांच्या पाठीच्या कण्यास इजा झालेली आहे, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही. त्यांपैकी अनेकींना मूत्राशय भरल्याची जाणीव होत नाही. दर चार ते सहा तासांनी एक बारीक नळी घालून मूत्राशय रिकामे करावे लागते. त्यासाठी हात धुण्यास पाणी, नळी ठेवण्यास स्वच्छ फळी, पुरेसा उजेड आणि आतून लागणारी कडी एवढ्या गोष्टी हव्यातच. इजा छातीच्या वरच्या भागातील मणक्यांच्या पातळीस किंवा त्याहून वर असेल, तर तुडुंब भरलेल्या मूत्राशयामुळे रक्तदाब एकाएकी धोकादायक रीतीने चढू शकतो. अशा बाईंना ‘जरा धीर धरा’ असे सांगणे म्हणजे संकटाला आमंत्रण देणे होय.

देहाइतकाच मनाचाही प्रश्न आहे. सहकारी स्त्रीने उचलून आत न्यावे आणि बाहेर आणावे, हा मार्ग कित्येक ठिकाणी अवलंबिला जातो. मदत करणारीचा हेतू चांगला असतो यात शंका नाही. तथापि रोजच्या रोज आणि आपल्या अत्यंत खाजगी विधीसाठी दुसऱ्याची सवड पाहावी लागणे, ती रजेवर असेल त्या दिवशी स्वतःही रजा घ्यावी लागणे, हे स्वाभिमानी माणसास किती बोचत असेल, याची कल्पना प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावी. दुपारी घरी जाऊन येणाऱ्या बाईंची हजेरी कापली जाते. काही जणी प्रौढांसाठी मिळणारे लंगोट वापरून दिवस काढतात. त्यांचा खर्च पगारातून जातो आणि कातडी सोलवटते ती वेगळीच. आणि काही जणी नोकरीच सोडून देतात. सोडचिठ्ठीवर कारण लिहिले जाते ‘घरगुती अडचण’. वस्तुतः अडचण घरातली नसतेच; ती कचेरीतली असते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. अनेक इमारतींत ‘स्त्रियांसाठी’ अशी पाटी असलेले एक स्वच्छतागृह असते आणि ‘अपंगांसाठी’ अशी पाटी असलेले दुसरे. पहिले अरुंद असते. दुसरे रुंद असते खरे, परंतु पुष्कळदा ते पुरुषांच्या बाजूस, नाही तर इमारतीच्या दुसऱ्या टोकास असते. त्यास कुलूप असते, किल्ली शिपायाकडे असते, आणि आत जुनी दप्तरे, मोडकी खुर्ची व झाडू रचलेले असतात. जी बाई स्त्रीही आहे आणि अपंगही आहे, तिला दोन पाट्यांपैकी एकही खऱ्या अर्थाने लागू पडत नाही. कागदोपत्री मात्र दोन्ही सोयी नोंदलेल्या असतात.

कायद्याने याविषयी काय म्हटले आहे? भारतात १९९५ साली अपंगांच्या हक्कांचा पहिला सर्वंकष कायदा झाला. चाकांच्या खुर्चीवरील व्यक्तींना वापरता येतील अशी स्वच्छतागृहे सार्वजनिक इमारतींत करण्याचा उल्लेख त्यातही होता. परंतु ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ अशी पुस्ती त्यास जोडलेली होती, आणि त्या पुस्तीआड बरेच काही राहून गेले. २००७ साली भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास मान्यता दिली. पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा नवा कायदा संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. शासकीय नोकऱ्यांत निदान चार टक्के जागा राखून ठेवण्याची तरतूद याच कायद्यात आहे. त्याचबरोबर, अपंग कर्मचाऱ्यास आवश्यक ती वाजवी सोय करून देणे हे शासकीय आस्थापनेचे कर्तव्य आहे, आणि अशी सोय नाकारणे हा भेदभावच होय, असेही तो सांगतो. नियमांप्रमाणे नसलेल्या इमारतीस पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असेही त्यात आहे. जुन्या सार्वजनिक इमारती सुधारण्यास नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये जाहीर झाले. म्हणजे ती मुदत जून २०२२ मध्ये सरली.

तरीही कामे का रेंगाळली, याचे एक उत्तर सर्वोच्च न्यायालयासमोर मिळाले. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ साली दाखल केलेल्या याचिकेत न्यायालयाने सुगमतेच्या स्थितीची पाहणी करण्याचे काम हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातील अपंगत्व अभ्यास केंद्राकडे सोपविले होते. त्या केंद्राचा अहवाल पाहून ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने असा निर्णय दिला की, कायदा सक्तीचा असताना त्याखालील नियम मात्र केवळ शिफारशीच्या भाषेत लिहिलेले आहेत, आणि हे कायद्याशी विसंगत आहे. संबंधित नियम रद्द करून सक्तीचे नियम करण्यास केंद्र सरकारला तीन महिन्यांची मुदत देण्यात आली. त्यानंतर १५ जानेवारी २०२५ रोजी दुसऱ्या एका प्रकरणात, देशातील सर्व न्यायालयांच्या आवारांत स्त्रिया, पुरुष, अपंग आणि तृतीयपंथी यांच्यासाठी स्वच्छतागृहे असलीच पाहिजेत, असाही आदेश झाला. जेथे न्याय मागावयाचा, तेथेही ही सोय आदेशाने करावी लागावी, यावरून इतर ठिकाणची कल्पना येईल.

कायदा झाला, पण गवंड्याने आणि कंत्राटदाराने काय करावयाचे? केंद्र सरकारच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूत्रांत ती मापे दिलेली आहेत. खोली निदान २.२ मीटर लांब व २ मीटर रुंद असावी, म्हणजे खुर्ची आत वळू शकते. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर असावी. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे. कमोडची बैठक जमिनीपासून ४५ ते ४८ सेंटिमीटर उंचीवर असावी, कारण चाकांच्या खुर्चीची बैठकही साधारण तेवढ्याच उंचीवर असते आणि एकीवरून दुसरीवर सरकणे सोपे जाते. बैठकीच्या एका अंगास खुर्ची लावण्यापुरती जागा मोकळी ठेवावी आणि दोन्ही अंगांस धरण्यासाठी पक्के दांडे बसवावेत. हातधुणीखाली गुडघे जातील अशी पोकळी हवी. फरशी खरखरीत व कोरडी असावी. कोणी पडले तर जमिनीवरूनही हाताला लागेल अशी घंटेची दोरी हवी, आणि आतली कडी प्रसंगी बाहेरूनही उघडता यावी.

‘एका बाईंसाठी एवढा खर्च?’ असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. त्यास उत्तर आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांत १ कोटी १८ लाख स्त्रिया होत्या. अपंग पुरुषांपैकी १०० त ४७ जण काही ना काही काम करीत होते. स्त्रियांपैकी मात्र १०० त २३ जणीच. या तफावतीची कारणे अनेक आहेत. परंतु जेथे स्वच्छतागृह नाही तेथे अपंग बाई येत नाहीत, आणि त्या येत नाहीत म्हणून स्वच्छतागृह बांधले जात नाही, हे चक्र त्यांपैकी एक खासच आहे. शिवाय त्या रुंद दाराचा उपयोग एकटीलाच होतो असेही नाही. गरोदर बाई, गुडघे धरलेल्या वयस्कर शिक्षिका, पाय मोडून पलस्तर घातलेला कारकून, दाखल्यासाठी आलेले वृद्ध पेन्शनर या सर्वांना तेच दार सोयीचे पडते.

कित्येक सुधारणांना मोठा खर्चही लागत नाही. आत उघडणारे दार बाहेर उघडणारे करणे हे सुताराचे एका दिवसाचे काम. उंबरठा काढणे, भिंतीत दांडे पक्के करणे, नळ हाताशी आणणे, पिशवी अडकविण्यास एक खुंटी ठोकणे, यांस मोठी मंजुरी लागू नये. रचून ठेवलेली दप्तरे हलविणे आणि कुलूप काढणे यांस तर काहीच लागत नाही.

आणि अडचण असलेल्या बाईंनीही संकोचापोटी गप्प राहू नये. प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असावा व नोंदलेल्या तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत व्हावी, असे कायदा सांगतो. तेथे समाधान झाले नाही, तर जिल्हा समितीकडे जाता येते. राज्याच्या अपंग आयुक्तांकडेही गाऱ्हाणे मांडता येते. तक्रार लेखी असावी आणि तीत दाराचे माप, उंबरठ्याची उंची, कुलपाची हकीकत हे सर्व साध्या शब्दांत लिहावे. मापाला उत्तर देणे टाळता येत नाही.

अलीकडे सरकारी लिखाणात ‘अपंग’ या शब्दाऐवजी ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला आहे. शब्द बदलला, त्यामागील भावना चांगलीच आहे. परंतु शब्दाबरोबर दाराची रुंदी बदलली नाही, तर त्या बाईंच्या टेबलावरचा पेला भरलेलाच राहील. ज्यांच्या हाती एखाद्या कचेरीची, शाळेची किंवा कारखान्याची व्यवस्था आहे, त्यांनी उद्या सकाळी एक मापपट्टी घेऊन आपल्याकडील स्वच्छतागृहाचे दार मोजावे. मग त्या बाईंना, चारचौघांत नव्हे, बाजूला बोलावून आदराने विचारावे की, ‘बाई, येथे आपल्याला काय अडचण येते?’ त्या काय सांगतील ते लिहून घ्यावे, आणि त्याच आठवड्यात सुताराला निरोप धाडावा.