ओळी जुळल्या, उत्तर चुकलं

डेटाबेस सर्व्हरची आवृत्ती बदलताना सगळ्यांना धास्ती असते ती माहिती हरवण्याची. पण ओळी हरवल्या तर मोजणीत लगेच उघड होतं. त्याहून घातक प्रकार म्हणजे सगळ्या ओळी जागच्या जागी असूनही सर्व्हरने चुकीचं उत्तर देणं. ऑगस्ट 2018 मध्ये लिनक्समधल्या जीलिबसी या पायाभूत लायब्ररीची 2.28 ही आवृत्ती आली आणि तिच्यात मजकुराचा क्रम लावण्याचे नियम बदलले. पुढच्या वर्षी डेबियन 10 आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 8 यांच्यासोबत ती सर्व्हरांवर पोचली. पोस्टग्रेस हा डेटाबेस सर्व्हर अक्षरांचा क्रम बहुधा याच लायब्ररीला विचारतो. काही मराठी कोशांत ‘क्ष’ हा ‘क’मध्ये असतो, काहींत अगदी शेवटी; एका पद्धतीने लावलेल्या कोशात दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर छापलेला शब्दही सापडणार नाही. जुन्या क्रमाने बांधलेल्या इंडेक्सचं नेमकं हेच होतं. असलेली नोंद मिळत नाही आणि युनिक ठरवलेल्या रकान्यात तीच किंमत दुसऱ्यांदा शिरते. सर्व्हर मात्र एकही एरर दाखवत नाही.

म्हणून आवृत्तीबरोबर ऑपरेटिंग सिस्टिमही बदलणार असेल, तर मी पीजी-डंप या साधनाचा संथ मार्ग निवडण्याच्या बाजूचा आहे. त्यात माहिती मजकूररूपाने बाहेर येते आणि नवा सर्व्हर आपल्या नियमांनी इंडेक्स पुन्हा बांधतो. पीजी-अपग्रेड हे दुसरं साधन मात्र इंडेक्सच्या फायली आहेत तशाच उचलतो. कित्येक टेराबाइटांचा डेटाबेस तासन्‌तास बंद कोण ठेवणार, हा आक्षेप रास्तच आहे. त्यावर 2017 च्या आवृत्ती 10 पासून लॉजिकल रेप्लिकेशन हाताशी आहे: जुना सर्व्हर चालू असतानाच नव्यावर ओळी पोचत राहतात आणि इंडेक्स तिथेच घडतात. फक्त सिक्वेन्सचे चालू आकडे आवृत्ती 18 पर्यंत त्यातून येत नाहीत. ते विसरले तर जुनेच क्रमांक पुन्हा वाटले जातात. पीजी-अपग्रेडचा लिंक पर्याय तर फारच झटपट, कारण फायलींची प्रतच होत नाही. पण नवा सर्व्हर एकदा सुरू केला की जुन्याकडे सुरक्षितपणे परतता येत नाही, आणि ही किंमत मला वाचलेल्या वेळेपेक्षा मोठी वाटते.

आवृत्ती 15 पासून डेटाबेसच्या मूळ कोलेशनची, म्हणजे क्रमनियमांची, आवृत्ती नोंदवली जाते आणि तफावत दिसली की सर्व्हर इशारा देतो. मग एवढी काळजी कशाला, असंही विचारलं जातं. पण 14 किंवा त्याआधीच्या डेटाबेसमध्ये ही नोंदच नसते, मग तुलना कशाशी करणार? निव्वळ ओळी मोजूनही भागत नाही, कारण मोजताना क्रमाचा प्रश्नच येत नाही. फायली उचलून नेल्या असतील तर मजकुराच्या रकान्यांवरचे इंडेक्स रीइंडेक्स करावेत, ॲमचेक या साधनाने तपासावेत आणि रोजच्या वापरातल्या क्वेरींची उत्तरं दोन्ही सर्व्हरांवर ताडून पाहावीत. सर्व्हर किती वेळ बंद राहील हे लोकांना कळवतानाच या कामाचे तास त्यात धरलेले हवेत.