व्यापाराच्या विद्यार्थ्यांस नकाशाचें शिक्षण

माझा पुतण्या नागपुरास व्यापार-व्यवस्थापनाच्या वर्गांत शिकतो. दिवाळीच्या सुटींत तो घरीं आला तेव्हां त्याच्याजवळ वर्गांत दिलेला एक प्रश्न होता : चंद्रपूर व गडचिरोली ह्या दोन जिल्ह्यांत राईस मिल काढावयाची झाल्यास ती कोठें काढावी ? उत्तर संगणकावरील नकाशांतून शोधावयाचें होतें. ह्या विद्येस भौगोलिक माहिती प्रणाली, अथवा इंग्रजी आद्याक्षरांवरून जीआयएस, असें म्हणतात. आणि तिच्या आधारें दुकान, गोदाम वा कारखाना ह्यांची जागा ठरविण्याच्या भागास स्थानविश्लेषण हें नांव आहे. पुण्यास सिंबायोसिस संस्थेनें ह्या विद्येकरितां २००४ सालीं स्वतंत्र महाविद्यालयच काढलें. व्यापाराच्या विद्यार्थ्यांस ती शिकवितात, त्याच्याशीं जमीन कसणाऱ्याचा काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो आपल्या धानाच्या दराशीं आहे.

नांव नवें असलें तरी वस्तु आपल्या ओळखीची आहे. तलाठ्याच्या दप्तरांत एकीकडे गांवचा नकाशा व दुसरीकडे सातबारा असतो. नकाशांतील तुकड्यावर जो भूमापन क्रमांक, तोच सातबाराच्या माथ्यावर. त्या एका आंकड्यानें जमीन व तिची हकीकत जोडली जाते. जीआयएसचें मर्म एवढेंच आहे. विशेष इतकाच कीं, येथें पिकाखालील क्षेत्र, रस्ते, नदीनाले, वीज, वस्ती ह्यांचे थर पारदर्शक कागदांप्रमाणें एकमेकांवर ठेवतां येतात, व सर्व अटींस उतरणाऱ्या जागा यंत्र क्षणांत काढून देतें. हेंच काम मीं कचेरींत ट्रेसिंगच्या कापडावर हातानें केलें आहे. एका तालुक्यास आठवडेच्या आठवडे लागत.

ह्या विद्येचा उगमहि दुकानदारींत नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत कॅनडा सरकारास आपल्या देशांतील कोणती जमीन शेतीस योग्य व कोणती जंगलास, हें ठरवावयाचें होतें. नकाशांचे ढीग माणसांच्या हातून उरकेनात, तेव्हां रॉजर टॉमलिन्सन ह्यांनीं तें काम संगणकाकडे सोंपविण्याची योजना केली. व्यापारी मागाहून आले. आणि मोजणीचाच इतिहास पाहिला तर तो आपल्या दारांतून गेलेला आहे. १८०२ सालीं मद्रासेस थोर त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारे विल्यम लॅम्टन हे २० जानेवारी १८२३ रोजीं, मोजणीचें काम चालू असतांनाच, हिंगणघाट येथें वारले. आपल्या भागांतून नागपुराकडे जाणारे किती लोक तें गांव ओलांडतात, परंतु ही गोष्ट थोड्यांसच ठाऊक असते.

असो. पुतण्यानें थर मांडले. एक क्विंटल धानापासून ६७ किलो तांदूळ, असा सरकारी भरडाईचा हिशेब आहे. म्हणजे तिसरा हिस्सा वजन कोंडा-भुशांत जातें, आणि त्याचें भाडें कशास द्यावें? म्हणून मिल पिकाजवळ असावी. अल्फ्रेड वेबर नांवाच्या जर्मन पंडितानें १९०९ सालीं हाच नियम ग्रंथांत मांडला, असें पुतण्यानें सांगितलें. यंत्रानें वैनगंगेच्या कांठीं एक जागा दाखविली. तिच्याभोंवतीं त्यानें २० किलोमीटरांचें वर्तुळ काढलें आणि आंतील गांवें मोजूं लागला.

वर्तुळ पाहतांच मला माझी एक चूक आठवली. सुमारें वीस वर्षांपूर्वीं धानखरेदीच्या एका केंद्राची जागा ठरवावयाची होती. मीं कंपासनें नकाशावर वर्तुळ आखलें, आंतील गांवें लिहून काढलीं, वर सही झाली. त्यांतील तीन गांवें नाल्यापलीकडचीं होतीं. नकाशावर अंतर ६ किलोमीटर. ट्रॅक्टरास पुलावरून फिरून १७. त्या गांवांनीं दोन हंगाम आपलें धान दारावर आलेल्या खरेदीदारास हमीभावाहून कमी दरानें घातलें. वर्तुळ अचूक होतें असें मी तेव्हां अभिमानानें सांगत असें.

"काकाजी, मग अंतर रस्त्यानें मोजूं," पुतण्या म्हणाला. यंत्रांत तशी सोय आहे. तसें मोजतांच नदीपलीकडचीं बरींच गांवें गळालीं, कारण वैनगंगेवर पूल मोजकेच. परंतु रस्ता म्हणजे तरी काय ? पर्लकोटेस पूर येऊन भामरागडचा मार्ग पावसाळ्यांत कितीदां बंद पडला आहे. नकाशांतील रेघ आषाढांत व माघांत सारखीच दिसते. शिवाय त्याचा नकाशा जिल्ह्याच्या सीमेवर संपत होता. बाजार तेथें संपत नाहीं. सिरोंचा तालुक्यांतील मनुष्याचें लक्ष गोदावरीपलीकडच्या भावावर असतें.

नंतर त्यानें जो थर दाखविला त्यानें मात्र मला झोंप आली नाहीं. कोणत्या गांवापासून कोणता खरेदीदार किती दूर, हें त्यानें रंगांनीं मांडलें होतें. गडद रंगाचीं गांवें म्हणजे ज्यांस जवळ एकच गिऱ्हाईक आहे. विद्यार्थ्याच्या दृष्टीनें ती 'स्पर्धा नसलेली जागा', म्हणून उत्तम जागा. आमच्या दृष्टीनें पाहिलें तर ज्यांना घासाघीस करतां येत नाहीं अशा शेतकऱ्यांची ती यादी आहे. हुशार व्यापाऱ्यास ही यादी पूर्वींहि तोंडपाठ असे. आतां ती कोणत्याहि नवख्यास एका संध्याकाळींत तयार करतां येते. दोष विद्येचा नव्हे. ती एकाच पक्षाच्या हातीं आहे, हें वाईट.

दुसऱ्या पक्षानेंहि ती हातीं घ्यावी, ह्यास उदाहरण लांबचें नको. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) गांवास २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ पासून ग्रामसभा आपला बांबू आपण विकूं लागली. आपली हद्द कोठपर्यंत, हें ज्या गांवास दाखवितां येतें त्याचें बोलणें वजनदार होतें. तेंदूपानाचा लिलाव स्वतः करणाऱ्या ग्रामसभांनींहि प्रत्येक फळी कोठें व तेथपर्यंत ट्रक जातो कीं नाहीं, हें नकाशावर घालून ठेवावें. ठेकेदार तें आधींच पाहून आलेला असतो.

साधनें दुर्मिळ नाहींत. क्यूजीआयएस नांवाची प्रणाली फुकट मिळते. इस्रोचें भुवन संकेतस्थळ २००९ पासून चालू आहे. नकाशे तयार करण्यावरचे बरेच निर्बंध केंद्र सरकारनें फेब्रुवारी २०२१ मध्यें उठविले. उणीव आहे ती शिकविण्याच्या रीतींत. ह्या विद्यार्थ्यांस यंत्रापाशीं बसविण्यापूर्वीं एक दिवस आठवडी बाजारांत उभें करावें व येणाऱ्या प्रत्येकास दोनच प्रश्न विचारावयास लावावे : कोठून आलांत, आणि जवळचा बाजार सोडून येथें कां आलांत ? दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर कोणत्याहि थरांत नाहीं. आणि आपल्या सहकारी सोसायट्यांस गोदामाची जागा ठरवावयाची असेल तेव्हां त्यांनीं जवळच्या महाविद्यालयास तो प्रश्न अभ्यासासाठीं द्यावा. मात्र तयार झालेला नकाशा सोसायटीच्या भिंतीवर लागला पाहिजे, ही अट आधीं लिहून घ्यावी.

पुतण्यानें सुटी दोन दिवस वाढविली. आम्ही मोटारसायकलवरून नदीकांठच्या गडद रंगाच्या चार गांवीं जाऊन आलों. दोन गांवांस तळ्याच्या पाळीवरून एक गाडीवाट आहे, ती कोणत्याहि नकाशांत नव्हती; तिनें गेल्यास दुसरें गिऱ्हाईक ९ किलोमीटरांवर येतें. त्यानें ती वाट आपल्या नकाशांत घातली आणि त्या दोन गांवांचा रंग बदलला. उरलेल्या दोहोंचा बदलला नाहीं. तेथील धान अजून खळ्यांत आहे.