‘सेव्ह’ झाले म्हणजे डिस्कवर उतरले असे नव्हे

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर लहानमोठ्या दुकानांत आता संगणक आला आहे. कापड, किराणा, सुपारी, फर्निचर, शिलाई, धंदा कोणताही असो, उधारीची खाती त्यातच असतात. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि बिले, विवरणपत्रेही त्यातूनच निघू लागली. लाल चोपडीची मात्र एक खुबी होती. शाई कागदावर उतरली की नोंद पक्की. वीज गेली तरी ती जागची हलत नसे. संगणकाचे तसे नाही, आणि व्यापारी बांधवांनी हे नीट समजून घेणे जरुरीचे आहे.

लिहिलेले जाते कुठे?

आपण ‘सेव्ह’ केले की नोंद सरळ डिस्कवर जाते असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ती आधी मेमरीत, म्हणजे रॅममध्ये ठेवली जाते. मेमरीच्या मानाने डिस्क संथ असते. प्रत्येक नोंदीसाठी डिस्ककडे धाव घेतली तर काम रखडेल. म्हणून संगणक नोंदी जमवतो आणि सवडीने एकदम उतरवतो. या जमवाजमवीला ‘कॅश’ म्हणतात. गल्ल्यातल्या कॅशशी तिचा संबंध नाही. लिनक्समध्ये एखादी नोंद साधारण ३० सेकंदांपर्यंत अशी थांबून राहू शकते. तेवढ्यात वीज गेली तर रॅम कोरी होते.

आम्हा कापडवाल्यांना हे नवे नाही. सणाच्या गर्दीत आम्ही मीटर आणि भाव पाठकोऱ्या कागदावर टिपतो आणि गर्दी ओसरली की रोजकीर्दीत उतरवतो. मधल्या वेळात तो कागद वाऱ्याने उडाला तर माल गेला, पण हिशेब राहिला नाही.

संगणकाची रोजकीर्द

यावर संगणकवाल्यांनी जो तोडगा काढला, तो आपल्याच वहीखात्यासारखा आहे. आधी रोजकीर्द, मग खतावणी. कोणता बदल करायचा हे प्रथम एका वेगळ्या जागी लिहायचे आणि नंतर मूळ ठिकाणी चढवायचे. १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आलेल्या एनटीएफएसमध्ये ही सोय होती. लिनक्सच्या एक्स्ट-३ मध्येही ती होती; एक्स्ट-३ २००१ साली लिनक्समध्ये आली. पण सहसा तिने वहीची शिवण शाबूत राहते. शेवटच्या पानावरचा मजकूर राहीलच असे नाही.

तो राखायचा तर ‘आत्ताच डिस्कवर उतरव’ असा हुकूम द्यावा लागतो. युनिक्समध्ये ‘सिंक’ नावाचा हुकूम १९७० च्या दशकापासून आहे. मशीन बंद करण्यापूर्वी तो तीनदा टाइप करण्याची जुन्या ऑपरेटरांची सवय प्रसिद्ध आहे. चांगले डेटाबेस प्रत्येक व्यवहारानंतर असा हुकूम स्वतःच देतात. म्हणून हिशेबाचे सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याला एवढे विचारावे: नोंद स्वीकारल्यावर ती लगेच डिस्कवर उतरते, की मेमरीत राहते?

वादळ सांगून येते, वीज न सांगता जाते

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. छपरे उडाली, विजेचे खांब कोसळले आणि श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा या भागांतील कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. तरी त्या वादळाची सूचना आधी मिळाली होती; यंत्रे रीतसर बंद करायला अवधी होता. पावसाळ्यात भर दुपारी वीज जाते तेव्हा कोणी सूचना देत नाही. खात्यांना खरा धोका या रोजच्या झटक्याचा आहे.

उपाय थोडेच आहेत. संगणकाला यूपीएस लावावा. साध्या इन्व्हर्टरवर भिस्त ठेवू नये, कारण वीज बदलण्याच्या क्षणी मशीन बंद पडू शकते. यूपीएसची शिटी वाजली की नवे बिल करू नये. सॉफ्टवेअर बंद करून रीतसर ‘शट डाऊन’ करावे. दुकान बंद करताना घाईने मेन स्विच पाडू नये. पेनड्राइव्हवर नक्कल घेतल्यावर ‘इजेक्ट’ करूनच तो काढावा. पडद्यावरची पट्टी पूर्ण झाली तरी शेवटचा भाग मेमरीतच असू शकतो. ती नक्कल लगेच उघडून पाहावी, आणि एक प्रत दुसऱ्या गावी, पनवेल-मुंबईच्या विश्वासू माणसाकडे ठेवावी. छप्पर उडाल्यावर दुकानातल्या दोन्ही प्रती सारख्याच भिजतात.

जीएसटीच्या कायद्याने हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. पण कायद्याहून मोठी गोष्ट उधारीची आहे. शिंप्याची मजुरी, सुताराचा ॲडव्हान्स, गिऱ्हाइकाने दिलेला हप्ता यांची नोंद पुसली गेली, तर दोन्ही बाजू खऱ्या असूनही भांडण होते. हिशेब ही दुसऱ्याची अमानत आहे. ती डिस्कवर उतरल्याची खात्री करूनच कुलूप लावावे.