फडातल्या माणसाचा पत्ता

२०२१ ची जनगणना हुकली. आता ती १ मार्च २०२७ या तारखेवर बेतली आहे. पुन्हा मार्च, म्हणजे गाळपाचा हंगाम. ऊसतोडीला येऊन देवळाली प्रवरात रुजलेल्या आमच्यासारख्या घरांना ही तारीख बोचते.

आजोबा पाथर्डीकडून मुकादमाची उचल घेऊन राहुरी फॅक्टरीला आले. आधीच्या मोजण्यांबद्दल घरात कुणी बोलत नसे. १९९१ ची मात्र मला लख्ख आठवते. कालव्याकडेला पाचटाच्या कोप्या, पहाटे फडाकडे निघालेल्या बैलगाड्या, कोपीत मागे राहिलेली लेकरं. प्रगणक म्हणजे शाळेतले गुरुजी. जन्म कुठला, याआधी कुठे राहत होता, हे त्यांनी प्रत्येकाला विचारलं. आजोबांनी बापाचं गाव सांगितलं, वाटेतले मुक्कामही सांगितले. मी तेव्हा लहान. ऐकलं आणि विसरलो.

त्या दशकात बरंच गेलं. आजोबा गेले. गावातले मोडी वाचणारे म्हातारे एकेक करून गेले. वडील जुन्या नोंदी विचारायला एका कार्यालयात गेले, तर भिजून कुजलेली बाडं दाखवून त्यांना हाकलण्यात आलं. तो राग अजून उतरलेला नाही.

आजोबांची ती उत्तरं मला आता हवी आहेत, पण जनगणना कायदा १९४८ चं कलम १५ घरोघरच्या नोंदी कुणालाही पाहू देत नाही, न्यायालयात पुरावा म्हणूनही चालू देत नाही. जिवंत माणसाची माहिती झाकावी, हे मला मान्य आहे. पण शंभर वर्षांनंतरही? ब्रिटनने १९२१ ची पानं २०२२ मध्ये खुली केली, अमेरिकेने त्याच वर्षी १९५० ची. परक्या गावात भाडेकरू म्हणून राहिलेला मजूर तिथल्या पणतूला नावानिशी सापडतो.

२०२३ पासून कुणबी नोंदींसाठी राज्यभर कोतवाल बुकं, शाळांची रजिस्टरं, मोडी दप्तरं उघडली गेली. शेजाऱ्यांना पणजोबा सापडले, याचा आनंदच आहे. पण ती कागदपत्रं गावात टिकून राहिलेल्यांची. सहा महिने कोयता घेऊन फिरणाऱ्याचं पोर शाळेच्या पटावरही धड टिकत नव्हतं.

सरकारने कलम १५ ला शंभर वर्षांची मर्यादा घालावी. आणि तोडणीवरच्या घरांनो, प्रगणकाला जे सांगाल ते आपल्या वहीतही लिहून ठेवा: जन्मगाव, आधीचा मुक्काम, आलो ते साल.