हॉल तिकिटाऐवजी कोडच उघडतोय? आधी ‘मेसेज’ वाचा

मित्राने हॉल तिकिटाची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली. ती उघडली, तर पीडीएफऐवजी कंसांनी भरलेला मजकूर आणि वर ‘धिस एक्सएमएल फाइल...’ अशी इंग्रजी सूचना. परीक्षा उद्यावर असेल तर धडकी भरणारच. पण हा व्हायरस नाही आणि मोबाइलही बिघडलेला नाही.

अनेक संकेतस्थळं आपल्या फाइल्स ॲमेझॉनच्या एस-थ्री या क्लाउड सेवेत ठेवतात. फाइल देता आली नाही, की एस-थ्री नकार एक्सएमएलमध्ये कळवते. हा मजकूर खरं तर सॉफ्टवेअरने वाचायचा. तो कसा मांडायचा याची माहिती सोबत नसल्याने ब्राउझर तो जसाच्या तसा दाखवतो.

वरची सूचना सोडा, खालचे ‘कोड’ आणि ‘मेसेज’ वाचा. ‘रिक्वेस्ट हॅज एक्स्पायर्ड’ म्हणजे लिंकची मुदत संपली. ही मुदत अगदी ५ मिनिटांचीही असू शकते. ‘एक्स्पायर्स’पुढची वेळ यूटीसीमध्ये असते, भारतीय वेळेसाठी त्यात साडेपाच तास मिळवा. ‘नो सच की’ म्हणजे फाइलच त्या जागी नाही. नुसतं ‘ॲक्सेस डिनाइड’ मात्र फसवं: परवानगी नसताना ते येतं, तसंच कधी कधी फाइल नसतानाही.

मुदत संपली असेल तर ब्राउझर बदलून उपयोग नाही. मूळ संकेतस्थळावर लॉगिन करून पुन्हा डाउनलोड करा. नवी लिंक तयार होते. तरीही तेच आलं, तर ‘रिक्वेस्ट आयडी’ दिसेल असा स्क्रीनशॉट हेल्पडेस्कला पाठवा.